भूचुंबकीय वादळे आणि पृथ्वीभोवतीचे इलेक्ट्रॉन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे २०२४ च्या वादळात ध्रुवीय प्रकाशाची छायाचित्रे सगळीकडे फिरली आणि तेव्हापासून या विषयावरच्या प्रश्नांचा ओघ आटलेला नाही. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. बहुतेकांमागे एक गृहीत दिसते: वादळ जितके मोठे, तितका किरणोत्सर्ग जास्त. इलेक्ट्रॉनांच्या बाबतीत हे खरे नाही. वेळ कमी असेल तर आधी प्रश्न ४ वाचा.

१. भूचुंबकीय वादळ म्हणजे नेमके काय?

सूर्याकडून विद्युतभारित कणांचा वारा सतत वाहत असतो आणि तो आपल्यासोबत सूर्याचे चुंबकीय क्षेत्र घेऊन येतो. या क्षेत्राची दिशा दक्षिणेकडे वळली की ते पृथ्वीच्या क्षेत्राच्या उलट होते, दोन्हींच्या रेषा तुटून एकमेकींना जोडल्या जातात आणि सौर वाऱ्याची ऊर्जा चुंबकावरणात, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राने व्यापलेल्या अवकाशात, शिरू लागते. हे काही तास टिकले, की पृथ्वीभोवती आयनांचा एक मोठा विद्युतप्रवाह तयार होतो. त्याला वलयप्रवाह म्हणतात. त्याच्यामुळे जमिनीवरचे चुंबकीय क्षेत्र किंचित कमी होते आणि ही घट म्हणजेच वादळाची खूण.

ती मोजण्यासाठी विषुववृत्ताच्या आसपासच्या चार वेधशाळांच्या नोंदींवरून डीएसटी निर्देशांक काढतात. उणे ५० नॅनोटेस्लाच्या खाली गेला की मध्यम वादळ, उणे १०० च्या खाली तीव्र. मार्च १९८९ मध्ये तो उणे ५८९ पर्यंत उतरला होता. मे २०२४ मध्ये साधारण उणे ४०० पर्यंत. बातम्यांमध्ये दिसणारा केपी निर्देशांक (० ते ९) वेगळा आहे, त्याबद्दल प्रश्न ९ पाहा.

२. वादळ नसतानाही पृथ्वीभोवती किरणोत्सर्ग असतो का?

असतो, कायम. १९५८ मध्ये एक्सप्लोरर १ या उपग्रहावर जेम्स व्हॅन ॲलन यांच्या चमूने गायगर गणक बसवला होता. ठरावीक उंचीच्या वर गेल्यावर गणक शून्य दाखवू लागला. कण नव्हते म्हणून नव्हे, तर इतके होते की गणक मोजूच शकत नव्हता. त्याच वर्षीच्या एक्सप्लोरर ३ च्या नोंदींनी हे पक्के झाले. तेव्हापासून या भागाला व्हॅन ॲलन पट्टे म्हणतात.

आतला पट्टा साधारण १,००० ते ६,००० किलोमीटर उंचीवर आहे. त्याची ओळख म्हणजे प्रचंड ऊर्जेचे प्रोटॉन, आणि तो बराच स्थिर असतो. बाहेरचा पट्टा साधारण १३,००० ते ६०,००० किलोमीटरवर. तो मुख्यतः इलेक्ट्रॉनांचा, आणि कमालीचा चंचल. या दोहोंमध्ये सहसा एक रिकामी पोकळी असते. वादळांची सगळी गोष्ट प्रामुख्याने बाहेरच्या पट्ट्याची आहे. जीपीएसचे उपग्रह (सुमारे २०,२०० किमी) त्याच्या गाभ्यातून फिरतात, तर भूस्थिर उपग्रह (३५,७८६ किमी) त्याच्या बाहेरच्या भागात असतात.

३. हे इलेक्ट्रॉन तिथे अडकून कसे राहतात?

चुंबकीय क्षेत्रामुळे. इलेक्ट्रॉन एकाच वेळी तीन प्रकारे फिरतो. तो क्षेत्ररेषेभोवती गिरक्या घेतो, सेकंदाला हजारो. त्याच रेषेवरून उत्तर गोलार्धाकडून दक्षिणेकडे आणि परत असा उसळत राहतो. ध्रुवांजवळ क्षेत्र बळकट होते, तिथून तो मागे फिरतो. आणि हे करता करता पूर्वेकडे सरकत पृथ्वीला प्रदक्षिणा घालतो. भूस्थिर कक्षेच्या अंतरावर १ एमईव्ही, म्हणजे दहा लाख इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनाला एका प्रदक्षिणेसाठी दहाएक मिनिटे लागतात. त्याचा वेग प्रकाशाच्या ९४ टक्के असतो.

क्षेत्र शांत असेल तर या तिन्ही गती दीर्घकाळ बिनबोभाट चालू राहतात. वादळ हा क्रम मोडते. कुठली गती मोडली यावर इलेक्ट्रॉन ऊर्जा मिळवणार की कायमचा गमावला जाणार, हे ठरते.

४. वादळ आले की इलेक्ट्रॉनांचा किरणोत्सर्ग वाढतोच ना?

नाही. इथे नीट थांबायला हवे, कारण अनेक माहितीपर लेखही इथेच घसरतात.

१९८९ ते २००० या काळातल्या २७६ मध्यम आणि तीव्र वादळांचा एक अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्येक वादळाच्या आधी आणि नंतर बाहेरच्या पट्ट्यात अतिऊर्जावान इलेक्ट्रॉन किती होते, याची तुलना त्यात होती. सुमारे निम्म्या, म्हणजे ५३ टक्के वादळांनंतर इलेक्ट्रॉन वाढले. १९ टक्के वादळांनंतर ते कमी झाले. उरलेल्या २८ टक्क्यांमध्ये म्हणण्यासारखा फरकच पडला नाही. आणि वादळाची तीव्रता पाहून यातले काय होईल ते सांगता येत नव्हते. डीएसटी फार खाली गेलेल्या वादळानंतर पट्टा ओस पडलेला दिसला, आणि बेताच्या वादळानंतर तो काठोकाठ भरलेलाही दिसला.

याचे कारण असे, की वादळ आवक आणि जावक दोन्ही एकाच वेळी वाढवते. इलेक्ट्रॉनांना ऊर्जा देणाऱ्या लहरी त्याच वादळात उठतात (प्रश्न ६), आणि त्यांना पट्ट्याबाहेर घालवणाऱ्या वाटाही त्याच वादळात उघडतात (प्रश्न ७). वादळ शमल्यावर आपल्याला दिसते ती फक्त शिल्लक. दोन मोठ्या आकड्यांची वजाबाकी मोठी येईल, उणे येईल किंवा शून्याजवळ येईल. वादळ 'किती मोठे' हा एकच आकडा तिच्याबद्दल फारसे काही सांगत नाही.

म्हणून 'वादळामुळे किरणोत्सर्ग वाढला' असे वाक्य वाचले की मी तीन गोष्टी विचारते: कुठल्या ऊर्जेचा, पृथ्वीपासून किती अंतरावर, आणि वादळाच्या कुठल्या टप्प्यात? या तीन गोष्टींशिवाय त्या वाक्याला अर्थ नाही.

५. सगळ्या ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनांचे असेच अनिश्चित असते का?

नाही, आणि हा या विषयातला सगळ्यात सुंदर भाग आहे असे मला वाटते. व्हॅन ॲलन प्रोब्ज हे नासाचे जुळे उपग्रह ३० ऑगस्ट २०१२ ला गेले आणि २०१९ पर्यंत पट्ट्यांमधूनच फिरत राहिले. त्यांच्या नोंदींतून ५२ वादळे वेगळी काढून ऊर्जेनुसार तपासली गेली, तेव्हा चित्र स्पष्ट झाले.

काही दहा हजार इलेक्ट्रॉन व्होल्टचे, कमी ऊर्जेचे इलेक्ट्रॉन वादळाच्या मुख्य टप्प्यातच (डीएसटी खाली उतरत असतानाच) आत घुसतात आणि आतले चुंबकावरण भरून टाकतात. साधारण १ ते ६ लाख इलेक्ट्रॉन व्होल्टच्या मधल्या गटात वाढ जवळपास ठरलेलीच: पृथ्वीच्या केंद्रापासून सुमारे ३.७ पृथ्वीत्रिज्यांवर ८७ टक्क्यांपर्यंत वादळांमध्ये ती दिसली. वादळ जितके तीव्र, तितका या गटाचा दाट भाग पृथ्वीच्या जवळ सरकतो. म्हणजे तीव्रतेशी संबंध आहे, पण या गटापुरता. १ एमईव्ही ओलांडली, की वाढ, घट आणि 'काही बदल नाही' या तिन्ही शक्यता जवळजवळ सारख्याच.

प्रश्न ४ मधली अनिश्चितता या सर्वांत वरच्या गटाची आहे, आणि उपग्रहांना भीती असते ती प्रामुख्याने याच गटाची.

६. इलेक्ट्रॉनांना प्रकाशाच्या जवळपास वेग देते तरी कोण?

सूर्य थेट देत नाही. सौर वाऱ्यातल्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा अगदी किरकोळ असते. वेग मिळतो तो पृथ्वीच्या चुंबकावरणातच, आणि त्याचे दोन मुख्य मार्ग आहेत.

पहिला मार्ग मंद लहरींचा. सौर वाऱ्याच्या धक्क्यांनी सगळे चुंबकावरण काही मिनिटांच्या लयीत हलू लागते. इलेक्ट्रॉनाची प्रदक्षिणाही काही मिनिटांची. दोन्ही लयी जुळल्या, की झोपाळ्याला नेमक्या वेळी झोका मिळावा तशी इलेक्ट्रॉनाला प्रत्येक फेरीत थोडी थोडी ऊर्जा मिळते आणि तो आत, अधिक बळकट क्षेत्राकडे सरकतो. आत सरकताना त्याची ऊर्जा आणखी वाढते.

दुसरा मार्ग कोरस लहरींचा. वादळात चुंबकावरणाच्या रात्रीकडे ताणलेल्या शेपटीत लहान लहान स्फोट होत राहतात, त्यांना उपवादळे म्हणतात. ती पृथ्वीकडे दोन प्रकारचे इलेक्ट्रॉन फेकतात. कमी ऊर्जेचे इलेक्ट्रॉन कोरस लहरी उत्पन्न करतात, आणि काही लाख इलेक्ट्रॉन व्होल्टचे इलेक्ट्रॉन 'बियाणे' म्हणून हजर असतात. कोरस लहरी या बियाण्याला जागच्या जागी एमईव्हीपर्यंत नेतात. या लहरी रेडिओ ग्राहकावर ऐकल्या तर पहाटेच्या पक्ष्यांच्या किलबिलाटासारख्या वाटतात, म्हणून हे नाव.

कुठला मार्ग महत्त्वाचा, यावर कितीतरी वर्षे वाद चालला. इलेक्ट्रॉन बाहेरून आत येत असतील तर दाटी बाहेरच्या बाजूला जास्त दिसायला हवी. जागेवरच वेग मिळत असेल तर पट्ट्याच्या मधोमध शिखर वाढताना दिसेल. ऑक्टोबर २०१२ च्या वादळात व्हॅन ॲलन प्रोब्जना मधोमध वाढणारे शिखर सापडले. म्हणजे जागेवरचा वेगही खरा आहे. मंद लहरींचे काम त्यामुळे संपत नाही. नंतर इलेक्ट्रॉनांना आत-बाहेर पसरवतात त्याच.

७. आणि कमी होतात तेव्हा जातात कुठे?

एक तर बाहेर, नाही तर खाली.

बाहेर जातात ते असे: चुंबकावरणाची दिवसाकडची सीमा शांत काळात सुमारे १० पृथ्वीत्रिज्यांवर असते. सौर वाऱ्याचा दाब वाढला की ती आत दबते, कधी कधी भूस्थिर कक्षेच्याही (६.६ त्रिज्या) आत. इलेक्ट्रॉन प्रदक्षिणा घालता घालता त्या सीमेवर पोचतो आणि तिथे अडवणारे क्षेत्रच नसल्याने अवकाशात निघून जातो. हे सगळे काही तासांत घडते. शिवाय काठ रिकामा झाला की आतले इलेक्ट्रॉनही बाहेरच्या दिशेने पसरू लागतात.

खाली जातात ते लहरींमुळे. वलयप्रवाहातल्या आयनांपासून उठणाऱ्या लहरी एमईव्ही इलेक्ट्रॉनांची दिशा बदलतात. मग असा इलेक्ट्रॉन ध्रुवाजवळून मागे न फिरता थेट वातावरणात घुसतो आणि साधारण ५० ते १०० किलोमीटर उंचीवर ऊर्जा गमावतो. कोरस लहरीही हे करतात, तेव्हा सेकंदाच्या अंशभर टिकणाऱ्या सरी दिसतात. १९९२ मध्ये सोडलेल्या सॅम्पेक्स उपग्रहाने त्या वर्षानुवर्षे टिपल्या. ज्या लहरी वेग देतात त्याच जीवही घेतात, म्हणून हिशोब अवघड.

८. आलेखात इलेक्ट्रॉन वादळात नाहीसे झाले आणि दोन दिवसांनी परत आले. ते खरेच गेले होते का?

काही गेले असतील, काही फक्त लपले असतील. वलयप्रवाहामुळे आतले चुंबकीय क्षेत्र कमी होते. ते सावकाश बदलत असेल, तर इलेक्ट्रॉन बाहेर सरकतात आणि त्यांची ऊर्जा उतरते. एका ठरावीक जागी ठरावीक ऊर्जेचे कण मोजणाऱ्या उपग्रहाला ही घट वाटते. वादळ ओसरले, क्षेत्र पूर्ववत झाले, की तेच इलेक्ट्रॉन तीच ऊर्जा घेऊन मूळ जागी परततात.

म्हणून फक्त मुख्य टप्प्यातला खड्डा पाहून 'पट्टा उद्ध्वस्त झाला' म्हणू नये. खरे नुकसान मोजायचे तर वादळाआधीची आणि ते पूर्ण शमल्यावरची पातळी ताडून पाहावी. प्रश्न ४ मधला अभ्यास असाच केलेला आहे.

९. केपी ९ किंवा 'जी५' म्हणजे उपग्रहांना इलेक्ट्रॉनांचा सर्वाधिक धोका, बरोबर?

या इलेक्ट्रॉनांपुरते तरी नाही. केपी हा चुंबकीय खळबळीचा निर्देशांक आहे आणि जी१ ते जी५ ही श्रेणी त्याच्यावरून ठरते. १० मे २०२४ ला जी५ पातळी गाठली गेली, ऑक्टोबर २००३ नंतर पहिल्यांदाच. वीजवाहिन्या, ध्रुवीय प्रकाश यांच्यासाठी ही श्रेणी उपयोगी आहे.

बाहेरचा पट्टा मात्र अनेकदा साध्या जी१, जी२ वादळांनी जास्त भरतो. सूर्याच्या किरीटातल्या (बाहेरच्या वातावरणातल्या) विवरांमधून वेगवान वारा बाहेर पडतो आणि कित्येक दिवस टिकतो. डीएसटी फारसा खाली जात नाही, पण उपवादळे थांबत नाहीत, त्यामुळे बियाणे आणि कोरस लहरींचा पुरवठा चालू राहतो. आणि सीमा मोठ्या वादळाइतकी आत दबत नाही, म्हणून जावक कमी. सूर्य साधारण २७ दिवसांत फिरून तेच विवर पुन्हा समोर आणतो, त्यामुळे ही भर ठरावीक अंतराने येत राहते. सौरचक्राच्या (सूर्याच्या सुमारे ११ वर्षांच्या चढ-उताराच्या) उतरत्या वर्षांत बाहेरचा पट्टा सगळ्यात भरलेला असतो तो म्हणूनच, ऐन शिखरावर नव्हे.

१०. इलेक्ट्रॉनांमुळे उपग्रहात नेमके काय बिघडते?

एमईव्ही इलेक्ट्रॉन उपग्रहाचे बाहेरचे कवच भेदून आत जातात आणि केबलच्या आवरणात, सर्किट बोर्डमध्ये, म्हणजे वीज न वाहणाऱ्या भागांत साठत राहतात. विद्युतभार निचऱ्यापेक्षा जास्त वेगाने साठला की एका क्षणी ठिणगी पडते. ती खोटी आज्ञा ठरू शकते किंवा सर्किट जाळू शकते. साठायला वेळ लागतो, म्हणून एका दिवसाच्या उसळीपेक्षा अनेक दिवस टिकलेली चढी पातळी जास्त घातक. २० जानेवारी १९९४ ला कॅनडाच्या अनिक ई१ आणि ई२ या दोन दळणवळण उपग्रहांचे दिशानियंत्रण असेच, इलेक्ट्रॉन बरेच दिवस चढे असताना बिघडले. ई१ काही तासांत सावरला, ई२ ला परत ताब्यात आणायला महिने लागले.

कमी ऊर्जेचे इलेक्ट्रॉन आत शिरत नाहीत, पण पृष्ठभागावर भार साठवतात. ही वेगळी तऱ्हा आहे. ती उपवादळाच्या वेळी लगेच घडते. दिवस मोजावे लागत नाहीत.

११. वादळे आतल्या पोकळीपर्यंत पोचतात का?

क्वचित, पण पोचली की परिणाम दीर्घकाळ राहतो. पोकळी रिकामी असते ती 'हिस' नावाच्या लहरींमुळे. पृथ्वीभोवतीच्या थंड, दाट प्लाझ्मात (विद्युतभारित वायूत) त्या असतात आणि इलेक्ट्रॉन हळूहळू वातावरणात सोडतात. मोठ्या वादळात हा थंड प्लाझ्मा सोलून निघतो. ऑक्टोबर-नोव्हेंबर २००३ मध्ये तो इतका आक्रसला, की एरवी रिकाम्या पोकळीत तीव्र इलेक्ट्रॉन पट्टा उभा राहिला.

२४ मार्च १९९१ ची गोष्ट तर विलक्षण. सौर वाऱ्यातला एक जोरदार धक्का चुंबकावरणावर आदळला आणि सीआरआरईएस उपग्रहाने काही मिनिटांत १५ एमईव्हीच्या आसपासचे इलेक्ट्रॉन पोकळीत प्रकट झालेले पाहिले. दिवसांची तयारी लागलीच नाही.

मे २०२४ नंतरही असेच झाले. सर्बी नावाच्या लहानशा उपग्रहाला दोन्ही मुख्य पट्ट्यांच्या मध्ये १.३ ते ५ एमईव्ही इलेक्ट्रॉनांचा नवा पट्टा सापडला. तो सुमारे तीन महिने टिकला.

व्हॅन ॲलन प्रोब्जच्या काळात मात्र एक मर्यादा ठळक दिसली: सर्वाधिक ऊर्जेचे इलेक्ट्रॉन २.८ पृथ्वीत्रिज्यांच्या आत येत नव्हते. १९९१ सारख्या घटना पाहता ती अभेद्य भिंत मानू नये. तिथे आवक फार सावकाश होते आणि लहरींमुळे होणारे विखुरणे तिच्यावर मात करते, असे समजणे योग्य.

१२. 'तिसरा पट्टा' कायमचा आहे का?

नाही. सप्टेंबर २०१२ मध्ये, व्हॅन ॲलन प्रोब्ज नुकतेच सुरू झाले असताना, बाहेरचा पट्टा बाहेरून झिजला आणि आत एक अरुंद कडे उरले. पलीकडे नवा बाहेरचा पट्टा तयार झाला. ते कडे सुमारे चार आठवडे राहिले आणि १ ऑक्टोबरच्या सुमारास आलेल्या धक्क्याने नाहीसे झाले. अशी कडी नंतरही दिसली आहेत. प्रश्न ११ मधला २०२४ चा पट्टा वेगळा.

१३. माणसाने कधी असा पट्टा तयार केला आहे का?

हो. ९ जुलै १९६२ ला अमेरिकेने स्टारफिश प्राइम चाचणीत १.४ मेगाटनचा अणुस्फोट ४०० किलोमीटर उंचीवर केला. स्फोटातून निघालेले इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात अडकले आणि काही वर्षे टिकले. दुसऱ्याच दिवशी सोडलेला टेलस्टार हा दळणवळण उपग्रह त्यातूनच फिरत राहिला आणि त्याची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा त्या वर्षातच बिघडली. इतरही उपग्रह निकामी झाले. कमी उंचीवर लहरींमुळे होणारी जावक किती मंद असते, हे या चाचणीने दाखवले. असे पुन्हा घडू नये.

१४. जमिनीवर, विमानात किंवा अंतराळस्थानकात धोका वाढतो का?

जमिनीवर नाही, वातावरण हे इलेक्ट्रॉन फार वरच अडवते. विमानाच्या उंचीवरचा डोस येतो तो वैश्विक किरणांमुळे आणि कधी सौर प्रोटॉनांमुळे, पट्ट्यातल्या इलेक्ट्रॉनांमुळे नाही. आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानक सुमारे ४०० किलोमीटरवर, पट्ट्यांच्या खाली असते, पण उच्च अक्षांशांवरून जाताना बाहेरच्या पट्ट्याची टोके त्याला शिवतात. भिंतींच्या आत त्याचा त्रास फारसा नसतो. स्थानकाबाहेर काम करणाऱ्यांसाठी वेळ निवडताना मात्र इलेक्ट्रॉनांची पातळी विचारात घ्यावी लागते. वातावरणात शिरलेले इलेक्ट्रॉन नायट्रोजन ऑक्साइड तयार करून मध्यांबरातला (वातावरणाच्या एका उंच थरातला) ओझोन कमी करतात, तोही ध्रुवांकडच्या भागात. अतिनील किरणांपासून आपल्याला वाचवणारा ओझोनचा थर त्याहून बराच खाली आहे.

१५. वादळ नाही, तरी भूस्थिर उपग्रहाचा आलेख रोज वर-खाली होतो. का?

चुंबकीय क्षेत्र दिवसाकडे दाबलेले आणि रात्रीकडे ताणलेले असते. त्यामुळे उपग्रह एकाच उंचीवर असला तरी दुपारी तो पट्ट्याच्या दाट भागातून आणि मध्यरात्री विरळ भागातून जातो. पट्टा बदललेला नसतो. आजची तुलना कालच्या त्याच वेळेशी करावी, सकाळची रात्रीशी नव्हे.

१६. याचा अंदाज आधी देता येतो का?

थोडा. सौर वारा मोजणारे उपग्रह पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर सूर्याच्या दिशेला असतात. तिथून वादळाची पक्की सूचना मिळते ती जेमतेम १५ ते ६० मिनिटे आधी. सूर्याकडून येणाऱ्या कणांच्या ढगातल्या चुंबकीय क्षेत्राची दिशा त्याआधी नीट कळत नाही, आणि सगळे अडते ते तिथेच.

एमईव्ही इलेक्ट्रॉनांच्या बाबतीत मात्र एक सोय आहे. वेगवान वारा आल्यावर भूस्थिर कक्षेत त्यांची पातळी शिखराला पोचायला सहसा एक ते तीन दिवस लागतात. त्यामुळे वाऱ्याच्या वेगावरून पुढच्या दोन-तीन दिवसांचा बऱ्यापैकी अंदाज बांधता येतो. अमेरिकेच्या गोज या भूस्थिर हवामान उपग्रहांवर २ एमईव्हीहून जास्त ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनांचा प्रवाह, प्रति चौरस सेंटीमीटर, प्रति सेकंद, प्रति स्टेरेडियन, १,००० च्या वर गेला की इशारा दिला जातो. वादळाच्या बातमीनंतर हा आलेख पाहणार असाल, तर त्याच रात्री पाहून थांबू नका. त्या रात्री तो बहुधा खाली गेलेला असेल (प्रश्न ७ आणि ८). तिसऱ्या दिवशी पुन्हा उघडा.